महिना चार रुपये पगार, 114 बळी आणि हुकलेलं कर्णधारपद; कोण होते पालवणकर बाळू?

भातकापणी आटोपली की मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत क्रिकेट स्पर्धांचे फलक लागायला सुरुवात होते. कुठे बोर्डिंग ग्राउंड, कुठे शाळेचं मैदान, कुठे कापणी झालेला मळा. संघ गावाचा, नाव ग्रामदैवताचं नाहीतर मंडळाचं आणि संघात एखाद-दुसरा खेळाडू बाहेरून आणलेला. त्याला येण्याजाण्याचा खर्च आणि वर थोडं मानधन. तो गावचा नसतो, पण शेवटच्या षटकात त्याने सामना काढून दिला की त्या रात्रीपुरता तो गावचाच होतो. त्याला जेवायला कुणाच्या घरी न्यायचं, यावरून प्रेमाची ओढाताण होते.

पैसे देऊन खेळाडू आणायचा आणि त्याला आपला मानायचं, ही पद्धत युरोपातल्या छोट्या गावांनी फार पूर्वी बसवली. आज तिथल्या छोट्या गावांचे बास्केटबॉल आणि फुटबॉलचे व्यावसायिक क्लब याच पायावर उभे आहेत. क्रिकेटमधलं त्याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे इंग्लंडमधली लँकेशायर लीग. कापड गिरण्यांच्या छोट्या गावांनी 1892 मध्ये ही लीग सुरू केली. प्रत्येक क्लबला एक पगारी खेळाडू ठेवता येई. बाकीचे संघातले लोक गिरणीत, दुकानात काम करणारे. पगारी खेळाडूने अर्धशतक केलं किंवा पाच बळी घेतले की प्रेक्षकांत टोपी फिरायची आणि जमलेले पैसे त्याला मिळायचे.

त्याच 1892 साली पुण्यात 16-17 वर्षांचा एक मुलगा गोऱ्या साहेबांच्या क्लबमध्ये महिना चार रुपयांवर कामाला लागला. त्याचं काम खेळायचं नव्हतं. मैदान झाडायचं, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेट लावायची, हे त्याचं काम. पुढे हाच मुलगा भारतातला पहिला मोठा फिरकी गोलंदाज ठरला. त्याचं नाव पालवणकर बाळू.

बाळूंची गोष्ट अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि ती आहेच. पण ती क्लबचीही गोष्ट आहे. एखाद्याचं कौशल्य हवं असणं आणि तो माणूस आपल्यात हवा असणं, या दोन गोष्टींमध्ये किती अंतर असू शकतं, हे त्यांच्या आयुष्यात दिसतं. ते अंतर नेमकं किती होतं आणि किती कमी झालं, समजून घेऊया.

पालवणकर हे आडनाव कुठून आलं?

पालवण हे कोकणातलं गाव. त्यावरून पालवणकर. घराणं चर्मकार समाजातलं. कोकणातल्या हजारो कुटुंबांप्रमाणे हे कुटुंबही पोटापाण्यासाठी घाट चढून गेलं. बाळूंचा जन्म 1875-76 च्या सुमारास धारवाडला झाला. वडील लष्कराच्या नोकरीत होते आणि कुटुंब पुढे पुण्यात स्थिरावलं.

लष्करी छावणीत मोठं होण्याचा एक फायदा झाला. गोरे अधिकारी क्रिकेट खेळत आणि जुनं झालेलं सामान टाकून देत. तेच घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊही मोठ्या पातळीवर क्रिकेट खेळले. एका घरातून चार खेळाडू निघाले, तेही ज्या घराला गावातल्या पाणवठ्यावर पाणी भरायची मुभा नव्हती अशा समाजातून.

इथे एक विसंगती लक्षात घ्यायला हवी. चामड्याचं काम करतात म्हणून ज्या समाजाला अस्पृश्य ठरवलं गेलं, त्याच चामड्यापासून क्रिकेटचा चेंडू बनतो. तो चेंडू मैदानावर सगळ्यांच्या हातातून फिरतो. गोलंदाजाकडून यष्टिरक्षकाकडे, तिथून स्लिपमध्ये, तिथून पुन्हा गोलंदाजाकडे. चेंडूला शिवाशिव नव्हती. तो टाकणाऱ्या हाताला होती.

तीन रुपयांपासून चार रुपयांपर्यंत

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबमध्ये होती. खेळपट्टी झाडायची आणि त्यावर रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायला मिळे. 1892 मध्ये ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये गेले. पगार एक रुपयाने वाढला आणि कामही वाढलं. खेळपट्टी तयार करणं, नेट उभारणं, टेनिस कोर्टावर चुन्याच्या रेषा मारणं.

या क्लबमधल्या साहेबांनी बाळूंना नेटमध्ये गोलंदाजी करायला सांगितलं. त्यांच्यात एक नाव महत्त्वाचं होतं, कॅप्टन जॉन ग्रेग. लष्करातले हे अधिकारी त्या काळातले भारतातले नावाजलेले गोरे फलंदाज होते. पुढे ते इंग्लंडच्या हॅम्पशायर कौंटीकडून खेळले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात कॅथलिक धर्मगुरू झाले. ग्रेग इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करत. बाळूंनी बाद केलं की दर वेळी आठ आणे बक्षीस देत, असं सांगितलं जातं.

आठ आणे म्हणजे किती, याचा हिशेब सोपा आहे. रुपयाचे 16 आणे. चार रुपये म्हणजे 64 आणे. म्हणजे एका बळीचं बक्षीस महिन्याच्या पगाराचा आठवा हिस्सा, जवळपास चार दिवसांची कमाई. डावखुऱ्या हाताने संथ फिरकी टाकणाऱ्या या मुलाने रोज शेकडो चेंडू टाकले आणि त्यातून त्याची गोलंदाजी घडली. टप्पा कुठे ठेवायचा, कधी चेंडू उंच सोडायचा, कधी वेग बदलायचा, हे सगळं त्यांनी जिवंत फलंदाजासमोर शिकून घेतलं.

पण या शिक्षणात एक मोठी पोकळी होती. या क्लबमध्ये बाळूंच्या हाती फलंदाजी जवळपास लागलीच नाही. बॅट साहेबांची, चेंडू टाकायचं काम नोकराचं. हा केवळ भारतातला प्रकार नव्हता.

इंग्लंडमध्ये तरी वेगळं काय होतं?

त्या काळच्या इंग्लिश क्रिकेटमध्ये दोन वर्ग होते. हौशी खेळाडू, म्हणजे घरचे श्रीमंत, पैसे न घेता खेळणारे. आणि व्यावसायिक, म्हणजे पगारावर खेळणारे कामगार वर्गातले लोक. दोघे एकाच संघात खेळत, पण अनेक मैदानांवर त्यांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या असत. मैदानात उतरायची दारंही वेगळी असत. धावफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूच्या नावाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी आणि व्यावसायिकाची आडनावानंतर छापली जात.

अवघड मारा करायचा तो बहुतेकदा व्यावसायिकाने आणि कर्णधार व्हायचं ते हौशी खेळाडूने, असा अलिखित नियम होता. 20 व्या शतकात इंग्लंडच्या कसोटी संघाला पहिला व्यावसायिक कर्णधार मिळायला 1952 उजाडलं. ते होते लेन हटन. हौशी आणि व्यावसायिक हा भेद अधिकृतपणे संपला तो 1962 मध्ये.

म्हणजे कष्ट एकाचे आणि कर्णधारपद दुसऱ्याचं, ही रीत क्रिकेटबरोबरच इथे आली. फरक एवढाच की इंग्लंडमधल्या व्यावसायिकाच्या आड वर्ग येत होता आणि बाळूंच्या आड जात. इंग्लंडच्या व्यावसायिकाला वेगळ्या खोलीत बसावं लागे, पण त्याच्या स्पर्शाने कुणी बाटत नव्हतं.

हिंदू क्लबपुढे पडलेला पेच

पुण्यात गोऱ्यांच्या क्लबसोबत हिंदूंचाही क्लब होता आणि त्याला गोऱ्यांना हरवायचं होतं. शहरातला सगळ्यात चांगला गोलंदाज गोऱ्यांच्याच मैदानावर रोलर फिरवत होता. त्याला संघात घ्यायचं का?

क्लबमध्ये यावरून दोन तट पडले. काही सभासद, त्यांत तेलुगू मंडळी पुढे होती, बाळूंना घ्यायच्या बाजूने होते. पुण्याच्या ब्राह्मण सभासदांपैकी अनेकांचा विरोध होता. बाळूंना न घेणं हा हिंदू क्लबचा मूर्खपणा ठरेल, अशा अर्थाचं मत ग्रेग यांनी जाहीरपणे मांडलं. शेवटी विजयाची इच्छा भारी पडली आणि बाळू संघात आले.

पण कसे आले ते पाहा. मैदानावर सगळ्यांनी एकच चेंडू हाताळायचा. चहापानाची वेळ झाली की बाकीचा संघ पॅव्हेलियनमध्ये जायचा आणि बाळू बाहेर थांबायचे. त्यांचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. पिऊन झालं की भांडं फेकून द्यायचं. तोंड धुवायला पाणी हवं असेल तर कोपऱ्यात एखाद्या अस्पृश्य नोकराने ते हातावर ओतायचं. जेवायला बसायची जागा वेगळी.

सकाळभर ज्याच्या गोलंदाजीवर टाळ्या पडल्या, तो दुपारी पॅव्हेलियनच्या पायरीखाली उभा राहून चहा पितोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणलं की बाकीचं समजून घ्यायला सोपं जातं.

साताऱ्यात काय घडलं?

बाळू संघात आल्यावर पुण्याचा हिंदू क्लब जिंकू लागला. त्या काळातली साताऱ्याची एक हकीकत प्रसिद्ध आहे. साताऱ्याला गोऱ्यांचा जिमखाना होता. पुण्याचा संघ खेळायला येणार हे कळल्यावर तिथल्या मंडळींनी मैदानाच्या माणसाला खेळपट्टीवर कित्येक दिवस रोलर फिरवायला लावला. खेळपट्टी कडक आणि सपाट झाली की फिरकीला काही मिळणार नाही, हा हिशेब.

बाळू स्वतः आयुष्याची सुरुवात रोलर ओढण्यात घालवलेला माणूस. खेळपट्टी कशी बनते आणि कशी वागते हे त्यांना फलंदाजांपेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी त्या सामन्यात सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला.

विजयानंतर बाळूंचा जाहीर गौरव झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांच्या सहकाऱ्यांना कानपिचक्या दिल्याचं नोंदलेलं आहे. ज्याच्यासोबत खेळता येतं त्याच्यासोबत खाणंपिणं का चालत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. पुण्यातल्या सुधारक मंडळींसाठी बाळू हा चालताबोलता मुद्दा झाला. तरी पॅव्हेलियनचं दार लगेच उघडलं नाही.

मुंबईत आल्यावर चित्र बदललं का?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले. मुंबईत क्रिकेट धर्मावर वाटलेलं होतं. पारशी, हिंदू, मुस्लिम, युरोपियन, प्रत्येकाचा वेगळा जिमखाना. आज मरीन ड्राइव्हवरून जाताना जे जिमखाने एका ओळीत दिसतात, ते याच व्यवस्थेचे अवशेष. हिंदूंचा परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना 1894 मध्ये स्थापन झाला.

इथेही बाळूंच्या प्रवेशाला काही सभासदांनी हरकत घेतली. इथेही संघाच्या कर्णधाराने, कीर्तीकर यांनी, आग्रह धरला आणि बाळू खेळू लागले. पोटापाण्यासाठी त्यांनी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी केली. म्हणजे मैदानावर देशातला अव्वल गोलंदाज आणि एरवी रेल्वेचा कर्मचारी. नोकरी रेल्वेची आणि खेळ क्लबचा, ही भारतीय खेळाडूंची सवयीची वाट इतकी जुनी आहे.

फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू आणि युरोपियन यांच्यात मुंबईत मोठा सामना झाला. हिंदूंनी 242 आणि 160 धावा केल्या. युरोपियनांचे डाव 191 आणि 102 वर आटोपले. हिंदू 109 धावांनी जिंकले. बाळूंनी सामन्यात आठ बळी घेतले. शिवरामही या संघात होते. बंगालच्या फाळणीविरुद्धची स्वदेशी चळवळ तेव्हा पेटलेली होती. अशा वेळी राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवणं ही मोठी गोष्ट होती.

या विजयाची दुसरी बाजू सुधारकांनी ओळखली. पुण्यात ज्याला बाहेर चहा दिला जात होता, तो मुंबईत संघासोबत एका टेबलावर बसून जेवू लागला होता. त्या काळच्या सुधारणावादी वर्तमानपत्रांनी या गोष्टीचं धावसंख्येइतकंच कौतुक केलं. गोऱ्यांविरुद्धचा सामना हिंदूंनी जिंकलाच, पण स्वतःच्या घरातली एक भिंतही थोडी खाली आली, असा त्याचा अर्थ लावला गेला.

1911: इंग्लंडचा दौरा आणि 114 बळी

1911 मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग, वय 19. संघ धर्माच्या हिशेबाने निवडलेला. सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुस्लिम आणि वर कर्णधार. पाच हिंदूंमध्ये दोघे पालवणकर होते, बाळू आणि शिवराम.

महाराजांनी मोजकेच सामने खेळले. राजा पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचं ते वर्ष होतं आणि मेजवान्यांना तोटा नव्हता. संघ हरत राहिला. 23 सामन्यांत सहा विजय, 15 पराभव, दोन अनिर्णित. संघ हरत असताना बाळू मात्र खांदा दुखत असूनही बळी घेत राहिले.

केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ बळी. लेस्टरशायर कौंटीविरुद्ध सामन्यात 11 बळी आणि भारताचा विजय. सॉमरसेटविरुद्धच्या विजयात शिवराम यांनी नाबाद शतक ठोकलं. संपूर्ण दौऱ्यात बाळूंनी 114 बळी घेतले, सरासरी 18.84. म्हणजे इंग्लंडच्या मैदानांवर, तिथल्या फलंदाजांना, एका बळीमागे त्यांनी 19 धावाही दिल्या नाहीत. तेव्हा त्यांचं वय पस्तिशीचं होतं आणि उमेदीची बरीच वर्षं मागे पडली होती.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. या सत्काराच्या मानपत्राशी विशीतल्या एका विद्यार्थ्याचं नाव जोडलं जातं, भीमराव आंबेडकर. ते तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. आपल्यातला एक माणूस विलायतेत जाऊन साहेबांना बाद करून आला, ही गोष्ट त्या पिढीसाठी काय असेल, याची कल्पना करता येते.

मग कर्णधारपद का मिळालं नाही?

खरा प्रश्न इथून सुरू होतो. 1907 मध्ये हिंदू, पारशी आणि युरोपियन अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली होती. 1912 मध्ये मुस्लिम संघ आला आणि ती चौरंगी झाली. देशातलं सगळ्यात मोठं क्रिकेट हेच होतं. हिंदू संघातले सगळ्यात अनुभवी आणि सगळ्यात यशस्वी खेळाडू होते बाळू. तरीही दरवर्षी कर्णधार दुसराच कुणीतरी व्हायचा.

1913 मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी स्वतःच जाहीरपणे मान्य केलं की हा मान बाळूंना मिळायला हवा होता. मैदानावरच्या सहकाऱ्यांना हे कळत होतं. निर्णय घेणाऱ्या समितीला ते पचत नव्हतं. गोलंदाजी कुणाचीही चालते, पण उच्चवर्णीय खेळाडूंनी आदेश कुणाचा ऐकायचा, हा त्यांच्यापुढचा अडसर होता.

1920 मध्ये हा वाद फुटला. पै आजारी असल्याने कर्णधारपद मोकळं झालं. ते बाळूंकडे न देता पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे देण्यात आलं. देवधर पुढे भारतीय क्रिकेटमधलं मोठं नाव झाले, पण तेव्हा ते बाळूंपेक्षा कितीतरी कनिष्ठ होते. बाळूंना तर संघातूनच वगळलं गेलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोन्ही भावांनी संघातून माघार घेतली आणि कारण लपवून ठेवलं नाही. ज्येष्ठता आणि गुणवत्ता डावलून जातीवर निवड होते आहे, असं त्यांनी जाहीर निवेदनात मांडलं.

क्रिकेटमध्ये जातीविरुद्ध उघडपणे केलेला हा बहुधा पहिला बहिष्कार. देशात गांधीजींचं असहकार आंदोलन जोर धरत होतं. अस्पृश्यता हा सार्वजनिक चर्चेचा विषय होता आणि प्रेक्षकांची सहानुभूती पालवणकरांच्या बाजूने गेली. पै बरे होऊन परतले, बाळूंना पुन्हा संघात घेतलं गेलं आणि उपकर्णधार करण्यात आलं. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरती बाळूंनी हिंदू संघाची सूत्रं हातात घेतली.

चाळिशी ओलांडलेल्या बाळूंच्या वाट्याला आलेलं नेतृत्व एवढंच. दुसऱ्याच्या गैरहजेरीत, काही षटकांपुरतं.

दार उघडलं ते त्यांच्या धाकट्या भावासाठी. 1923 मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकून दिली. विजयानंतर सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतलं. ज्या कुटुंबातल्या मोठ्या भावाला चहाचं भांडं वेगळं होतं, त्याच कुटुंबातला धाकटा भाऊ आता लोकांच्या खांद्यावर होता. मध्ये साधारण 30 वर्षं गेली होती. विठ्ठल यांनी पुढे 1948 मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. पालवणकर भावांची हकीकत आज माहीत आहे, त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

आंबेडकर आणि बाळू समोरासमोर का आले?

बाळूंच्या आयुष्यातला हा सगळ्यात अवघड भाग आणि तो टाळून पुढे जाता येत नाही.

डॉ. आंबेडकर आणि बाळू एकमेकांना ओळखत होते आणि मानतही होते. पण 1930 च्या दशकात त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत, ही आंबेडकरांची मागणी होती. बाळू गांधीजींच्या बाजूने झुकलेले होते. हिंदू समाजात राहूनच बदल घडेल, असं त्यांना वाटत होतं. सप्टेंबर 1932 मध्ये येरवड्यात पुणे करार झाला, तेव्हा त्यावर सह्या करणाऱ्यांमध्ये बाळूही होते. 1935 मध्ये येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. बाळूंनी तिला विरोध केला.

1937 च्या मुंबई प्रांताच्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने मुंबईतल्या राखीव जागेवर आंबेडकरांविरुद्ध बाळूंना उभं केलं. लोकप्रिय खेळाडू आणि त्याच समाजातला माणूस, हे काँग्रेसचं गणित होतं. आंबेडकरांना 13,245 मतं मिळाली, बाळूंना 11,225. फरक 2,020 मतांचा.

या लढतीमुळे बाळूंकडे नंतरच्या काळात काहीसं दुर्लक्ष झालं. आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात ते विरोधी उमेदवार ठरले आणि क्रिकेटच्या इतिहासात ते कसोटीआधीच्या काळातले म्हणून मागे पडले. भारताने पहिली कसोटी 1932 मध्ये खेळली, तेव्हा बाळू पंचावन्नच्या पुढे होते.

त्यांच्या राजकीय भूमिकेबद्दल मतभेद असू शकतात. पण ती कुठून आली हे त्यांच्या आयुष्यातून समजतं. क्लबच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला खेळाच्या जोरावर टप्प्याटप्प्याने आत घेतलं गेलं होतं. आधी मैदानावर, मग टेबलावर, मग उपकर्णधारपदापर्यंत. आपण जिंकून देत राहिलो तर दार उघडतं, असा त्यांचा अनुभव होता. आंबेडकरांचा प्रश्न वेगळा होता. ज्यांच्याकडे बाळूंसारखा डावा हात नाही, त्या लाखो लोकांसाठी दार कधी उघडणार?

आकडे काय सांगतात?

प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत 179 बळी, सरासरी 15.21. म्हणजे प्रत्येक सामन्यात पाचपेक्षा जास्त बळी. हे आकडेही अपुरे आहेत, कारण पुण्यात आणि साताऱ्यात ऐन तारुण्यात घेतलेले बळी या हिशेबात धरलेले नाहीत. नेटमध्ये ग्रेग साहेबांना आठ आण्याला एक या दराने घेतलेले बळी तर कुठेच मोजलेले नाहीत.

बाळूंचं 4 जुलै 1955 रोजी मुंबईत निधन झालं.

त्याच्या सहा वर्षं आधी, 1949 मध्ये, सांगलीत जन्मलेले विजय हजारे लँकेशायरच्या रॉटेनस्टॉल या छोट्या गावाच्या क्लबमध्ये व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळायला गेले. त्यांच्याही आधी 1935 पासून अमर सिंग कोल्न या गावासाठी खेळले होते. वेस्ट इंडिजचे कृष्णवर्णीय खेळाडू लिअरी कॉन्स्टंटाईन 1929 ते 1937 अशी नऊ वर्षं नेल्सन गावाचे पगारी खेळाडू होते. सुरुवातीला त्यांनाही वर्णभेदाचे चटके बसले, पण नंतर त्या गावाने त्यांना आपलंसं केलं.

बाळूंना असा क्लब तरुणपणी मिळाला नाही. त्यांना पगार देणाऱ्या क्लबने खेळाडू म्हणून ठेवलं नव्हतं आणि खेळाडू म्हणून घेणाऱ्या क्लबने आत बसू दिलं नव्हतं.

या मोसमात आपल्या गावच्या स्पर्धेत संघांची यादी लागेल तेव्हा एक गोष्ट पाहता येईल. गोलंदाजी कोण करतो, हे धावफलकावर दिसतंच. कर्णधार कोण, मंडळाच्या समितीवर कोण आणि सामन्यानंतरची पंगत कुणाच्या अंगणात बसते, हे धावफलकावर लिहिलेलं नसतं. पुण्यातला तो मातीच्या भांड्यातला चहाही कुठल्या धावफलकावर नव्हता.